चुलीची जागा

जळगावच्या नव्या बंगल्याच्या नकाशात डिझायनरबाईंनी पुढे लॉन आणि झोपाळा दाखवला, अन् पुरणाच्या मांड्यांची चूल मागच्या कोपऱ्यात ढकलली.

"पाहुण्यांना धूर दिसायला नको."

"बराबर शे," पुनाभाऊ म्हणाले.

त्यांच्या बायकोने, कमलअक्कांनी, पेन्सिल मागितली. झोपाळा खोडून तिथे चूल काढली.

"तीस वर्षं पाहुणे मांडे खातात अन् यांना शाबासकी देतात. आता करणारी कोण, तेही पाहू द्या."

वास्तुशांतीला सगळ्या खुर्च्या चुलीभोवती सरकल्या. पुनाभाऊ येईल त्या पाहुण्याला दारातच गाठून सांगत होते, "चूल पुढे घ्यायची आयडिया आपलीच शे."

अक्कांनी ते ऐकलं आणि पुढचा मांडा हातांवर पसरवत थेट कोपरापर्यंत फिरवला. पुनाभाऊंनी गाठलेला पाहुणा त्यांचं बोलणं अर्धवट सोडून चुलीकडे गेला.