कोपऱ्यातल्या सोळा ओळी

भिंत पांढरीफटक होती.

सुलान रंगपटाच्या दारातच थबकली. चुन्याचा ओला वास नाकात शिरला. मागून येणारा म्हातारा टिपरीवाला पेई तिच्यावर आदळला.

"काय गं, नव्या नवरीसारखी उंबऱ्यात अडलीस?" म्हणाला, आणि त्यालाही दिसलं.

शान्शी प्रांताच्या डोंगरातल्या या देवळापुढच्या रंगमंचावर जी नाटकमंडळी आली, तिने रंगपटाच्या भिंतीवर लिहून ठेवलं: कोण आलो, कधी आलो, कोणता खेळ केला. कुणी लिहिलं होतं, पावसाने तिसरा अंक बुडवला. कुणी गावच्या पाणचट शेवयांना शिव्या घातल्या होत्या. आणि सरकारने जुनी नाटकं बंद केली त्या वर्षी सुलानच्या गुरूंनी डाव्या कोपऱ्यात कोळशाने सोळा ओळी लिहिल्या. नदीने लेक गिळला, म्हणून काठावर उभी राहून म्हातारी आई नदीला शाप देते, ते पद.

"कागद सापडतो. भिंतीची झडती कोणी घेत नाही," ते म्हणाले होते. अकरा वर्षांच्या सुलानला त्यांनी बजावलं, "साठी गाठल्याशिवाय वाचायचंसुद्धा नाही. कोवळ्या गळ्यात हे पद नासतं." त्याच हिवाळ्यात ते गेले.

दरवर्षी जत्रेला आली की सुलान आपला झगा त्याच कोपऱ्यावर टांगायची, चुकून नजर पडू नये म्हणून. पदाचा ठेका गुरूंच्या वेळेपासून पेईच्या हातात होता, शब्द भिंतीवर. पेईला अक्षरओळख नव्हती. तो म्हणायचा, कुणाकडून उतरवून तरी घे. ती हसायची. भिंत कुठे पळून जातेय?

यंदा तिला साठ वर्षं पूर्ण झाली होती. सकाळी वाचायचं, दुपारी गायचं, असं ठरवून ती आली होती.

"कशी लख्ख केली, सुलानताई!" गावचा सचिव हाओ हात चोळत आत आला. "प्रांताचे साहेब आलेत. आज पाटी बसतेय, 'जतन केलेली वास्तू' म्हणून."

"इथे अक्षरं होती."

"अक्षरं कसली! कोळशाच्या रेघोट्या. शिव्यासुद्धा होत्या हो ताई, साहेबांपुढे शोभतं का?"

सुलानने कोपऱ्यात जाऊन नखाने चुना खरवडला. खाली कोरी माती लागली.

"आधी तारेच्या ब्रशने घासून घेतली," हाओ अभिमानाने म्हणाला. "मग दोन हात दिले. काम चोख आहे."

"फोटो काढला होता कुणी?"

"घाणीचा फोटो?"

सुलान वळली. तिचा आवाज चढला नाही, पण पेई दोन पावलं मागे सरला.

"दंडाला लाल पट्ट्या बांधून पोरं जुनं सगळं फोडायला हातोडे घेऊन आली होती, तेव्हा या गावाने भिंतीला छतापर्यंत कडबा रचला. तुझा आजोबा त्या कडब्यावर झोपला, आग लावाल तर मला धरून लावा म्हणाला. त्या पोरांना जे जमलं नाही, ते तू पाटीसाठी केलंस."

हाओचं हसू जागच्या जागी वाळलं. "ताई, साहेब बसलेत. दुसरं काहीतरी म्हणा. तुम्हाला काय, शंभर पदं येतात."

"जाहीर झालंय तेच होईल," सुलान म्हणाली, आणि आरशासमोर बसून चेहऱ्यावर सुरकुत्या ओढू लागली.

दुपारी पटांगण भरलं. पांढऱ्या केसांची आई काठी टेकत नदीच्या काठावर आली. पेईने टिपऱ्या उचलल्या. पहिल्या ओळीचा ठेका पडला. सुलानने तोंड उघडलं. आवाज आला नाही.

पेई थांबला नाही. दुसरी ओळ. तिसरी. तिच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या, ओठ फाकले, आणि शब्द नव्हता. प्रेक्षकांत सूर्यफुलाच्या बिया फोडणारे दात थांबले. सातव्या ओळीला मागच्या म्हाताऱ्या माणसांनी मयतापुढे काढाव्यात तशा टोप्या काढल्या. अकराव्या ओळीला तिचा हात उठला, बोट नदीकडे गेलं. नदी जिथे असायला हवी, तिथे पहिल्या रांगेत साहेबांची आणि हाओची खुर्ची होती.

हाओ ताडकन उठला.

"अरे, आवाज कुठे आहे? माइक बघा, माइक!"