तिप्पट लांब शिंगं

"अगं, शिंगं बघ याची! अंगाच्या तिप्पट! असा लांबशिंगी भुंगेरा आजवर कुणी नोंदवलेलाच नाही." भिंगावरून मान वर करत हे म्हणाले. बावीस वर्षं जंगलं तुडवल्यावर यांना पहिल्यांदाच नवी प्रजाती सापडली होती, तीही घरातल्या नमुन्यांच्या जुन्या पेटीत.

दिवाळीत ती पेटी पुसताना याच भुंगेऱ्याची शिंगं माझ्या हातून मोडली होती. हे चिडतील म्हणून मी दुसऱ्या एकाची शिंगं काढून याला डिंकाने चिकटवली, इतकी बेमालूम की माझं मलाच कौतुक वाटलं.

आता सांगायलाच हवं होतं. उद्या यांचा शोधनिबंध छापून आला आणि कुणी नमुना तपासला, तर यांचं जगभर हसं होणार होतं. मी खुर्ची ओढून जवळ बसले.

"याला नाव कुणाचं दिलंत हो?"

"मृदुलाचं. माझी विद्यार्थिनी असली तरी तिला यातलं कळतं. तुला झुरळ काय नि भुंगेरा काय, सारखंच."

"छानच की," मी म्हणाले. "आजच पाठवून द्या. उगाच दुसरं कुणी आधी छापायचं."