खाडा

“शेवटची पाळी कधी आली होती?”

सेलूच्या डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं. पंचफुला खाली बघत राहिली. पदर तिनं हनुवटीवर घट्ट धरला होता. उत्तर दिलं ते सासूनं, धुरपताबाईनं.

“आमची सून लय सोवळी हाय बाई. औंदा चातुर्मास धरला तिनं. रोज पिंपळाला एकशे आठ फेऱ्या. एका दिवसाचा खाडा न्हाई.”

हे ती गावात सगळ्यांना सांगत असे. फेऱ्या झाल्या की पंचफुला देवघराच्या भिंतीवर कुंकवाचं एक बोट उमटवायची. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत बोटांच्या ओळी भरत गेल्या, कुठं जागा सुटली नाही. गल्लीतली एखादी बाहेर बसली की तिच्या घरचं देवाचं पाणी भरायला पंचफुलालाच बोलावणं यायचं. ही कधी अडत नाही, देवानंच तिला मोकळं ठेवलंय, असं बायका म्हणत. लग्नाच्या पहिल्या वर्षी दोनदा दिवस गेलेसे वाटले होते. दोन्ही वेळा पाच-सहा महिन्यांनी ती बाहेर बसली. मग पाळी लांबली तरी घरानं त्याचा विचार करणं सोडलं.

मूल मात्र झालं नाही. पाच वर्षं झाली. शेजारच्या दगडाबाईनं पंचफुलाच्या नवऱ्याला, रंगनाथला, दुसरी बायको म्हणून आपली देवगाव फाट्याकडची भाची सुचवली होती. धुरपताबाई मनानं वाईट नव्हती. दुसरी करण्याआधी डॉक्टरांच्या तोंडून एकदा ‘नाही’ ऐकावं, म्हणजे देवापुढं आपल्यावर दोष नको, एवढ्यासाठी ती आली होती. विद्यापीठाच्या नावावरून पेटलेल्या दंग्यामुळं दोन दिवस एसटी थांबली होती. आज सुरू झाली, तशी पहिल्याच गाडीनं दोघी निघाल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

“चार महिने रोज? मध्ये एकदाही बाहेर बसली नाही?”

“एकदाबी न्हाई,” धुरपताबाई अभिमानानं म्हणाली.

डॉक्टरीणबाई उठल्या. त्यांनी पंचफुलाचा पदर हलकेच बाजूला केला. हनुवटीवर दोऱ्यानं उपटलेल्या केसांचे काळे ठिपके होते.

“हे केस कधीपासून येतात?”

“सोळाव्या वर्षापासून,” पंचफुला पहिल्यांदाच बोलली. “पाळीबी तवापासून अशीच. आई म्हणायची, लगीन झालं की येईल.”

डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं. मग त्या सासूकडं वळल्या.

“मावशी, हा आजार आहे. बायकांच्या पोटात दर महिन्याला एक बी पिकतं. हिच्यात बी धरतं, पण पिकून बाहेर पडत नाही. बारीक बारीक पाण्याच्या फोडांसारखं आतच राहतं. म्हणून पाळी लांबते, केस येतात, अंग सुटतं. तिनं काही केलेलं नाही.”

धुरपताबाईचं सगळं आयुष्य कापसात गेलं होतं.

“म्हंजी बोंड लागतं, पर फुटत न्हाई. तसंच का?”

“अगदी तसंच. पण याला औषध आहे. आधी पाळी मार्गी लावू. ती आपसूक यायला लागली, तर मुलाचीही आशा आहे.”

घरी आल्यावर धुरपताबाई देवघरासमोर उभी राहिली. भिंतीवरच्या भरगच्च ओळींकडं तिनं बराच वेळ पाहिलं. मग दगडाबाईला निरोप धाडला, पुढच्या कार्तिकीपर्यंत थांब.

पंचफुलानं गोळ्या घेतल्या. गोड कमी केलं. आषाढात डॉक्टरीणबाईंनी गोळ्या थांबवल्या. आता वाट बघायची, म्हणाल्या. एकादशीला पंचफुलानं पुन्हा फेऱ्या धरल्या. भिंत सारवून कोरी केली होती. तिच्यावर रोज एक बोट उमटू लागलं. पहिली ओळ भरली. दुसरी भरत आली. धुरपताबाई रोज सकाळी भिंतीकडं बघायची आणि चुलीकडं जायची.

श्रावणातल्या दुसऱ्या आठवड्यात दगडाबाई आली. भाचीला आणखी एक स्थळ आलं होतं, तेव्हा होय की नाही ते आजच सांगा म्हणाली. बोलता बोलता तिची नजर देवघराच्या भिंतीवर गेली. एकादशीपासूनची बोटं तिनं मोजली, ती चार कमी भरली.

“अगं बया! धुरपताबाई, चार बोटं कुटं गेली? चातुर्मासात खाडा पडला की वो! सून कुटं हाय?”

“मागच्या पडवीत बसलीय.”

“मग तिच्या बदली फेऱ्या घालून तुमी तरी बोट लावायचं! देवाचं अर्धं राह्यलं न्हवं?”

“फेऱ्या मी घातल्या. बोट मुद्दाम लावलं न्हाई.”

धुरपताबाई उठली. देवापुढं ठेवलेल्या वाटीतली साखर तिनं चिमटीनं दगडाबाईच्या तळहातावर घातली.

“चार दिसांचा खाडा हाय. तोंड गोड कर, अन् भाचीला त्या दुसऱ्या घरी दे.”