शिट्टी नसलेला कुकर

"याला शिट्टी नसते ना? नक्की?" सरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

दुकानातली मुलगी विजेच्या कुकरवर फडकं मारत मोठ्याने म्हणाली, "नसते हो आजोबा. बटण दाबलं की एकदा पीप वाजतं, म्हणजे सुरू झाला. वीस मिनिटांनी तीनदा वाजतं, म्हणजे शिजलं. मग आपला आपण बंद होतो. तुम्ही विसरलात तरी चालेल."

विसरलात तरी चालेल! सरांना त्या मुलीला तोंडभर आशीर्वाद द्यावासा वाटला.

पस्तीस वर्षं शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकलेला हा खेळाचा मास्तर. रिटायर झाल्यावर बायकोने घरात काम दिलं, तेही शिट्ट्या मोजायचं. "कुकर मी लावते, शिट्ट्या तुम्ही मोजा. तेवढीच मदत." आणि नेमके त्याच सुमारास सरांचे कान संपावर गेले.

कबूल करायची सोय नव्हती. लेकीला नुसती कुणकुण लागली असती, तरी तिने दोघांना उचलून आपल्या घरी नेलं असतं. मग हे घर सुटलं असतं, आणि बायकोने जीव लावून वाढवलेली गच्चीवरची झाडंही. म्हणून सर वाफेचे फवारे बघून शिट्ट्या मोजत, चुकलं तर घड्याळावर भागवत. गेल्या आठवड्यात मात्र डुलकी लागली आणि बटाट्यांचा कोळसा झाला. बायको तिथेच भाजी निवडत होती, तिलाही कळलं ते करपल्याचा वास आल्यावर.

"माझंच मेलीचं लक्ष नव्हतं," ती म्हणाली. तिने दोष अंगावर घेतला, आणि सरांना अगदी भरून आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चाचरत विजेच्या कुकरचा विषय काढला. घरात जुने चार कुकर असताना पाचवा कशाला, या भांडणाची पूर्ण तयारी ठेवली होती.

"घेऊ या की," ती म्हणाली. सर गार पडले.

आता मुलगी फळीकडे वळली आणि पाठमोरीच काहीतरी बोलली. सरांना ओ की ठो कळलं नाही. बायको मात्र झटकन म्हणाली, "पांढरा."

"पांढराच!" सरांनी री ओढली.

मुलगी वळून दोघांकडे बघतच राहिली. "अहो, रंग नाही. किती लिटरचा देऊ?"

"तीन," बायको हसली. "आम्ही दोघंच तर आहोत."

घरी आल्या आल्या पांढरा कुकर ओट्यावर विराजमान झाला. बायकोने बटाटे घातले, पाणी ओतलं, झाकण फिरवून बसवलं आणि बटण दाबून सरांच्या तोंडाकडे बघितलं. "सुरू झाला ना?"

"झाला की! वाजलं ना पीप," सर ठासून म्हणाले.

तिने समाधानाने मान हलवली. दोघं गच्चीत जाऊन बसली. ती रोपांची वाळकी पानं खुडत होती, सर चोरून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. वीस मिनिटं झाली. त्यांनी वर आणखी दोन जाऊ दिली आणि तिच्याकडे वळून म्हणाले, "झालं बघ. तीनदा वाजलं."

"ऐकलं मी," ती म्हणाली. "किती गोड वाजतं, नाही? त्या मेल्या शिट्टीपेक्षा शंभर पटीने बरं."

सरांच्या जिवात जीव आला. दोन वर्षांचं ओझं उतरलं होतं. आता कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. झाडं वाचली, घर वाचलं. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. ते शीळ घालतच स्वयंपाकघरात गेले, मागोमाग बायको आली. सरांनी ऐटीत झाकण उघडलं आणि बटाट्याला सुरी लावली.

सुरी आत जाईना. पाणी गार होतं, बटाटे दगडासारखे. सरांनी बायकोकडे बघितलं, बायकोने सरांकडे. कुकरच्या मागे त्याची वायर दुकानातून आली तशीच, रबर लावून गुंडाळलेली पडली होती.