शनिवारचे बाबा

भेटीच्या खोलीत सात वर्षांची रेवा दाराशीच थबकली. समोरचा माणूस अनोळखी होता.

पोटगी भरता यावी म्हणून हेरंब चार वर्षं चंद्रावरच्या खाणीत राबला. कोर्टाने दिलेला दर शनिवारचा तास तो चंद्रावरूनच, इथल्या सुदाम नावाच्या माणसाचं शरीर भाड्याने घेऊन, त्यात उतरून लेकीबरोबर घालवायचा. आज पहिल्यांदाच तो स्वतःच्या शरीरात आला होता.

"ये ना. मागच्या शनिवारी आपण कागदाचं कासव केलं, आठवतंय?"

"काका, तुम्हाला बाबांनी सांगितलं?"

हेरंबने आपल्या हातांकडे पाहिलं. या हातांनी ते कासव केलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला.

"ते कधी येणार?"

"पुढच्या शनिवारी."

बाहेर पडताना त्याने शरीरं भाड्याने देणाऱ्या खिडकीपाशी विचारलं, "शनिवारी सुदाम मोकळा आहे का हो?"