अकरा मिनिटं

"धारप मॅडम, पाच वाजता यंत्र ही ओळ पुसून टाकणार," मैथिली म्हणाली. "जिचं कारण पटवून देणारं माणूस उरलेलं नाही, ती ओळ ते ठेवत नाही. म्हणून तुम्हाला बोलावलं."

धरणाच्या दरवाजांचा प्रोग्रॅम आता यंत्रच लिहीत असे. ती जुनी ओळ मात्र माणसाची होती: भोंगा वाजल्यावर अकरा मिनिटं थांबून दरवाजे उघडा. यंत्राच्या मते चार मिनिटं पुरेशी होती.

वत्सला धारप हसल्या. पंचेचाळीस वर्षांपूर्वी याच खोलीत, चारच्या चहाला, एकाने लिहिलेलं दुसऱ्याने मोठ्याने वाचायची रीत होती. त्यांचे सहकारी मुलाणी यांनी लिहिलेली ही ओळ वत्सलाबाईंनीच वाचली होती आणि विचारलं होतं, "अकराच का हो?"

"मुलाणी म्हणाले, चला, दाखवतो. नदीपात्रात कलिंगडं लावणारी एक म्हातारी होती. घड्याळ लावून आम्ही तिच्याबरोबर काठापर्यंत चढलो."

"यंत्र म्हणेल, आता कोण एवढं हळू चालतं?"

"मी चालते. चल."

पात्रात कलिंगडाचे वेल अजून होते. तिथून दोघी निघाल्या. मैथिली आधी पुढे गेली, मग थांबली, मग त्यांचा हात धरून चढू लागली. काठावर पोचून तिने घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं होऊन गेली होती.

"मुलाणी असते तर बारा केली असती," धापा टाकत वत्सलाबाई म्हणाल्या.

खोलीत परतल्यावर मैथिलीने कारण लिहिलं. पाठवण्याआधी पडदा त्यांच्याकडे वळवून ती म्हणाली, "मॅडम, मोठ्याने वाचता?"