दीड वेढा

मिस्त्रीने गाडीच्या पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही हात टेकवून जोर दिला आणि सोडून दिलं. गाडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. तो मोजत होता. धडधाकट गाडी एकदा वर येते आणि गप्प उभी राहते. ही चारदा उसळली.

"गाडी आहे की पाळणा?" त्याने मालकाला विचारलं.

मालक चाळिशी ओलांडलेला, इस्त्रीच्या शर्टातला माणूस होता. "डोंगरातला रस्ता आहे, चार तासांचा," तो म्हणाला. "वळणावर गाडी हातात राहत नाही. आज होईल का?"

मिस्त्रीने गाडी जॅकवर घेतली, चाकं उतरवली, आत डोकावला आणि त्याचं डोकंच फिरलं. चारही स्प्रिंगा ग्राइंडरने कापलेल्या होत्या. प्रत्येकीचा दीड वेढा गायब. गाडी बसकी दिसावी म्हणून पोरंटोरं असली थेरं करतात. गाडी खाली येते, पण शॉकअपच्या दांड्याला हलायला जागा उरत नाही. तो तळाला आपटत राहतो, शेवटी निकामी होतो, आणि मग गाडीला आवरणारं कोणी राहत नाही. मिस्त्री सगळं सहन करी, पण स्प्रिंग कापणारा माणूस त्याच्या लेखी माणसात जमा नव्हता.

"या वयात ही हौस?" तो ओरडला. "कोणत्या दीडशहाण्याने कापल्या या?"

उत्तर भिंतीजवळच्या खुर्चीतून आलं. तिथे मालकाची आई बसली होती, काठी गुडघ्यांत धरून.

"त्याला नका हो रागावू. माझ्यासाठी कापून घेतल्यात त्याने. हा पाय माझा वीतभरही उचलत नाही. गाडीत चढायचं म्हटलं की रडू यायचं मला. एकदा दवाखान्यातून निघताना म्हणाला, आई, तू नको वर चढूस, मी गाडीच खाली आणतो."

मिस्त्रीच्या हातातला पाना हातातच राहिला.

"गचके बसतात, पण चालतंय की," म्हातारी कौतुकाने सांगत होती. "आता पंधरा दिवस डोंगरावर नेतोय मला, हवापालटाला. एवढं सामान कशाला रे, म्हटलं, तर म्हणतो, तिकडे थंडी असते."

मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याची स्वतःची आई त्याच्या टेम्पोत कशी चढायची, ते त्याला आठवलं. तो वरून तिचा हात ओढायचा आणि "आटप" म्हणायचा. शेवटपर्यंत हेच चाललं. वेल्डिंगचं मशीन दारात असून टेम्पोला एक पायरी जोडावी, हे त्याला कधी सुचलं नव्हतं. आणि गाडीतलं ओ की ठो कळत नसलेल्या या माणसाने आईसाठी आपली धडधाकट गाडी कापून घेतली होती. अक्कल नसेल, पण काळीज होतं. मिस्त्रीला त्याचा हेवा वाटला.

त्याने फडक्याला हात पुसले आणि आवाज उतरवला. "साहेब, बोललो ते मनावर घेऊ नका. उपाय आहे. आखूड पण कडक स्प्रिंगा मिळतात, त्यांच्या मापाचे शॉकअपही मिळतात. गाडी आहे एवढीच खाली राहील आणि अजिबात उसळणार नाही. मागवायला चार दिवस लागतील. सुट्टीच्या दिवशी येऊन बसवून देतो, मग तर झालं?"

"चार दिवस नाहीत माझ्याकडे. आजच निघायचंय."

मालकाने डिकी उघडली. आईची गादी, दोन मोठ्या बॅगा आणि शिलाई मशीन बाजूला सारून त्याने खोकी बाहेर काढली. चार नव्या स्प्रिंगा, चार नवे शॉकअप. कंपनीचे, मूळ मापाचे.

"हे बसवा."

"हे बसवले तर गाडी पहिल्यासारखी उंच होईल, साहेब."

"होऊ दे."

बिचाऱ्याला घाई आहे, मिस्त्रीने मनाशी म्हटलं. आईच्या कंबरेला गचके नकोत म्हणून आपलीच खटपट मोडून काढतोय. दुपारपर्यंत मान वर न करता त्याने काम उरकलं. मग पुढच्या कोपऱ्यावर जोर देऊन सोडलं. गाडी एकदा वर आली आणि गप्प उभी राहिली.

म्हातारीला बसवायला मात्र दोघे लागले. मिस्त्रीने स्टूल ठेवलं, लेकाने पाठीमागून आधार दिला, मिस्त्रीने तो पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला. "पोतं झालंय बाई माझं," म्हणत ती हसली, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मिस्त्रीने दार हलकेच लावलं.

मग तो स्टूल घेऊन मालकामागे डिकीपाशी गेला.

"हे असू द्या सोबत," तो म्हणाला. "पण नुसत्या स्टुलाने भागणार नाही. इथे आपण दोघे होतो. तिकडून निघताना आजींना वर कोण चढवणार?"

मालकाने डिकी लावली. बंद काचेतून आईच्या पाठमोऱ्या डोक्याकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"स्टूल राहू द्या तुमच्याकडेच. येताना मी एकटाच असेन."